न लावलेला पेन ड्राइव्ह

वाळवंटातल्या आमच्या अतार गावात काझीसमोर माझी साक्ष चालत नाही. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण मागाहून कुणीतरी सांगणारच. बावीस वर्षांपूर्वी एका उंटाच्या मालकीवरून भांडण झालं, तेव्हा मी शपथेवर सांगितलं होतं की तो उंट मला स्वतःच्या तोंडाने म्हणाला, ‘मी अहमदूचा नाही, त्याच्या मेव्हण्याचा.’ काझीने उंटाला बोलावलं. उंट आला, माझ्याकडे बघितलं आणि ऐन वेळी गप्प बसला. तेव्हापासून या यारबाचं नाव साक्षीदारांतून गेलं ते गेलंच. एरवी मला त्याचं दुःख नाही; खोटं बोलायची मोकळीक मिळाली की माणसाची तब्येत सुधारते. पण आयुष्यात एकदाच मला खरं सांगायचं होतं, आणि ते ऐकून घ्यायला कुणी नव्हतं.

माझं दुकान बाजारामागच्या गल्लीत, खजूरवाल्यांना लागून. पूर्वी कॅसेटी भरून द्यायचो, आता पेन ड्राइव्ह भरून देतो. गाणी, कुराणपठण, जुन्या कविता, फुटबॉलचे सामने, ज्याला जे हवं ते. पण धंद्याचा जीव आहे पत्रांत. उत्तरेकडे सोनं खणणाऱ्यांच्या खड्ड्यांवर फोन लागत नाही. मग बायका दुकानात येऊन माइकसमोर बोलतात, मी ते त्यांच्या पेन ड्राइव्हवर भरतो, ट्रकवाला तो घेऊन जातो आणि पंधरा दिवसांनी तोच ड्राइव्ह नवऱ्याचा आवाज घेऊन परत येतो.

माझा भाचा लिमाम राजधानीत, नुआकशोतला कॉम्प्युटर शिकवतो. मागे आला तेव्हा मी त्याला म्हटलं, “चहा ओतताना मान वर न करता मला कळलं पाहिजे कोण आलं ते.” त्याने तशी सोय करून दिली. प्रत्येक पेन ड्राइव्हच्या पोटात एक आकडा असतो, उंटाच्या मानेवरच्या डागासारखा. आतलं सगळं पुसलं तरी तो जात नाही. ड्राइव्ह लावला की कॉम्प्युटर तो डाग वाचतो, मालक ओळखतो आणि माझ्याच आवाजात, मी भरून ठेवलेला सलाम म्हणतो. शिवाय एका यादीत टिपून ठेवतो: कोण, किती वाजता लागला, किती वाजता निघाला. कुणी कॉम्प्युटरला न सांगता ओढून काढला तर पुढे लिहितो, ‘न विचारता काढला.’ सगळं अतार न विचारता काढतं.

सलाम म्हणजे आमच्याकडे घाईचं काम नव्हे. समोरच्याचं घर जळत असलं तरी आधी त्याच्या आईची विचारपूस, मग शेळ्यांची, मग थकव्याची, मग उन्हाची. आणि तोही जळत्या घरासमोर उभा राहून म्हणतो, ‘काही वाईट नाही, अल्लाची कृपा.’ सगळं यथासांग झालं, दोघांनी श्वास घेतला, की मग हळूच सांगतो, ‘तेवढी घराला आग लागलीय.’ सलाम मध्येच तोडणारा माणूस आमच्यात माणूस धरत नाहीत.

तर देद्दा वल्द सालेक. माझ्या मित्राचा, सालेकचा मुलगा, खड्ड्यात उतरणारा. त्याची बायको तेसलेम मलहफा रंगवते, आमच्या बायका डोक्यापासून अंगभर गुंडाळतात ती वस्त्रं; बोटं कायम निळी. दोन वर्षांचा संसार, त्यातलं दीड वर्ष माझ्या दुकानातून गेलेलं. त्यांचा ड्राइव्ह पिवळा. देद्दा तो दोरीत ओवून गळ्यात घालायचा.

गरमीच्या सुरुवातीला त्याचा खड्डा ढासळला. वर उभे असलेले वाचले. त्या वेळी खाली देद्दा होता की शेजारच्या खड्ड्यावर चहा प्यायला गेला होता, की त्याच सकाळी वैतागून एखाद्या ट्रकवर चढून कुठे निघून गेला, हे छातीठोक सांगणारा एकही निघाला नाही. चार दिवस खणलं, पुन्हा ढासळलं, सोडून दिलं. काझी म्हणाला, “प्रेत नाही, मेलेला पाहिलेले दोन साक्षीदार नाहीत. कायद्याने हा हरवलेला माणूस. बायकोने चार वर्षं वाट बघायची.”

तेसलेम माझ्याकडे येऊन बसली. रडत नव्हती.

“मामा, सकाळी उठून मी काय करायचं ते सांगा. रडायचं, की वाट बघायची? दोन्ही एकदम होत नाही हो.”

मी तिला चहा ओतून दिला. एवढा थापाड्या मी, पण थाप मारवेना.

त्यानंतर चाळीसेक दिवसांनी, एका सोमवारी, भर दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी ते पहिल्यांदा झालं. बाहेर वाऱ्याने गल्ली तांबडी केली होती. मी दार ओढून, आमच्याकडे तीनदा उकळतात त्यातला, दुसऱ्या वाफेचा चहा करत होतो. कॉम्प्युटरने ‘टुडुंग’ केलं, आणि माझा आवाज म्हणाला,

“सलाम अलैकुम, देद्दा वल्द सालेक! काही वाईट नाही ना? तंबूत काही वाईट नाही ना?”

मी खवळून मान वर केली. असल्या चेष्टा मी करतो, मला कुणी करायच्या नसतात. दुकानात कुणी नव्हतं. कॉम्प्युटरला चार खाचा. दोन खाचांत धूळ, एकीत मुंगी, चौथी रिकामी. पडद्यावर मात्र देद्दाचा ड्राइव्ह उघडा होता आणि आत तेसलेमची जुनी पत्रं ओळीने. चार मिनिटांनी आवाज करून तो गेला. यादीत बघितलं: ‘देद्दा वल्द सालेक. लागला १२:१०. निघाला १२:१४. न विचारता काढला.’

मंगळवारी तेच. बुधवारी मी चारही खाचांवर चिकटपट्टी लावली. तेच. गुरुवारी लिमामला फोन केला.

“मामा, त्या उंटासारखंच का हे?”

“उंटाचं राहू दे रे. सांग, नुसता बिघाड असेल?”

“बिघाड टुडुंग करेल एखाद्या वेळी. पण आकडा कुठून आणेल? तो ड्राइव्हच्या पोटातच असतो. लागल्याशिवाय वाचता येतच नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “मामा, कुणीतरी तो लावतंय.”

“कुठे?”

“ते मी कसं सांगू?” म्हणाला, आणि भाच्याने माझ्याआधी फोन ठेवला. असं तो कधी करत नाही.

तेसलेमला सांगावं की नाही, यात माझे दोन दिवस गेले. सांगितलं तेव्हा तिने निळं बोट माझ्या नाकापुढे धरलं.

“ही तुमची एखादी गंमत असेल ना, मामा, तर हा कॉम्प्युटर तुमच्या डोक्यात फोडीन. मित्राची सून म्हणून लाजणार नाही.”

“फोड. पण बारा वाजून दहापर्यंत बस.”

ती बसली. सोबत तिची सासू सलकावहिनीही आली, गुडघा धरत. आम्ही पहिल्या वाफेचा चहा प्यायलो. बारा दहाला टुडुंग झालं, माझा आवाज सलाम करू लागला आणि सलकावहिनीने सवयीने उलट सलाम केला. तेसलेम पडद्यासमोर गेली. स्वतःच्या पत्रांवरून बोट फिरवलं. मग चिकटपट्टी लावलेल्या खाचांवरून.

“याच्यात माझं पत्र जाईल?” तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पत्र आधीच भरून तयार ठेवलं. आमच्यात मोठ्यांनी आधी बोलायचं असतं, म्हणून वहिनी बोलल्या, आणि सलामच इतका लांबला की सुनेला वेळच उरला नाही. बारा दहाला मी ते पत्र त्या नसलेल्या ड्राइव्हवर टाकलं. हिरवी पट्टी सरकत सरकत भरली. ‘कॉपी झालं.’ कुठे झालं, ते विचारू नका. तिकडे जात होतं; तिकडून इकडे मात्र काही उतरत नव्हतं. आतली एक फाइल मी दहा वेळा ओढून बघितली. ऐकायचं ते तिथल्या तिथे, तो लागलेला असेतो.

त्याच्या पुढच्या दिवशी पत्रांखाली एक नवीन फाइल होती. मी ती चालू केली.

“सलाम अलैकुम.” देद्दाच. पण आवाज असा, जणू तोंडावर जाड घोंगडं धरून बोलतोय. “आई, काही वाईट नाही ना? गुडघ्याला काही वाईट नाही ना? तेसलेम, तंबूत काही वाईट नाही ना? लंगडी शेळी बरी ना? उन्हाचं कसं? यारबामामा अजून थापा मारतात ना? अल्ला त्यांना ठेवो. माझं? काही वाईट नाही. तुमच्यात काही वाईट नाही ना? शेजाऱ्यांत काही वाईट नाही ना?”

असं चार मिनिटं. मग आवाज करून गेला.

सलकावहिनी हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. “ऐकलंत, भावजी? ‘माझं काही वाईट नाही’ म्हणाला. जिवंत आहे माझा पोर! आणि एक माणूस विसरला नाही बघा. शेळीसुद्धा!”

“आई,” तेसलेम म्हणाली, “विंचू चावला होता तेव्हाही ते ‘काही वाईट नाही’च म्हणत होते. पाय दुधी भोपळ्याएवढा झाला होता.”

“मग काय भल्या घरच्या पोराने बोंबलायचं?”

रोज हेच चाललं. रोज वहिनींचा सलाम जायचा, रोज त्याचा सलाम यायचा. चौथ्या दिवशी माझ्या कानाला काहीतरी लागलं. मी आवाज वाढवला. देद्दाच्या मागे आणखी कुणीतरी पुटपुटत होतं, ‘काही वाईट नाही ना.’ त्याच्यामागे आणखी एक, म्हातारा. त्याच्यामागे बायका. खूप लांब, एका तालात, भरलेल्या मशिदीच्या शेवटच्या रांगेसारखं. मी आवाज कमी केला आणि चहात साखर दोनदा टाकली. वहिनींना ऐकू आलं नाही, त्यांचा कान अधू. तेसलेमने ऐकलं होतं. ती माझ्याकडे बघत होती.

“मामा, ती यादी दाखवा.”

दाखवली. पहिले दिवस: लागला १२:१०, निघाला १२:१४. मग १२:१३. मग दोन दिवस १२:१२. त्या दिवशी १२:११.

“संपत आलंय,” ती म्हणाली. “उद्या एवढंही उरणार नाही. आणि आपण शेळीची विचारपूस करतोय.”

“पोरी, सलाम पुरा झाल्याशिवाय…”

“आजवर कधी झाला का तो पुरा?”

तिने माइक ओढला. वहिनी सवयीने घसा खाकरून “सलाम अलै…” म्हणेपर्यंत तिने डाव्या हाताने त्यांचा हात दाबून धरला आणि एका दमात, ना सलाम, ना अल्लाचं नाव, असं विचारलं:

“देद्दा, तू जिवंत आहेस की मेलास?”

वहिनींनी मलहफा डोळ्यांवर ओढली. अतारमध्ये साठ वर्षं काढली, लोकांना एकमेकांचे दात पाडताना बघितलंय, पण सलाम करून. असं कुणी कुणाला बोललेलं ऐकलं नव्हतं. आणि नवऱ्याला, त्याच्या आईसमोर, नाव घेऊन!

दुसऱ्या दिवशी बारा दहाला पेन ड्राइव्ह आला तेव्हा त्यावर ते एवढंच पत्र मी टाकलं. तो मिनिटभरही टिकला नाही.

त्यानंतरचा दिवस. वहिनी सुनेशी बोलत नव्हत्या, पण आल्या होत्या. वारा पडला होता, गल्लीत माशीसुद्धा नव्हती. बारा दहा झाले, काही नाही. बारा अकरा. बारा बारा. तेसलेमने निळी बोटं ओठांत दाबून धरली होती. बारा वाजून एकवीस मिनिटांनी टुडुंग झालं. माझा आवाज सलाम करू लागला, तो मी हाताने बंद केला. एक नवीन फाइल. चालू केली.

आधी नुसती वाळू सरकल्यासारखी खरखर. आणि शांतता. त्या बाकीच्या सगळ्यांचं पुटपुटणं थांबलेलं होतं. ते ऐकत होते, असं मला वाटलं.

“तेसलेम,” देद्दा म्हणाला. “तू सलाम केला नाहीस.”

वहिनींनी ‘हं’ केलं.

“बरं झालं. इथे दुसरं काही बोलताच येत नाही. आलो तेव्हापासून सलाम चाललाय. माझ्या आधीचे आहेत, त्यांच्या आधीचे आहेत, मीठ वाहणाऱ्या जुन्या काफिल्यांतलेही आहेत. जो भेटतो तो विचारतो, काही वाईट नाही ना. आम्ही म्हणतो, काही वाईट नाही. कुणाचाच संपलेला नाही. संपल्याशिवाय पुढचं बोलायची रीत नाही. तू तोडलास, म्हणून बोलता येतंय.” पुन्हा खरखर. “मेलो. त्याच दिवशी, पहिल्या ढासळीत. आईला सांग, वाटते तेवढी वाळू जड नसते. वाट बघू नकोस. आणि मामांना सांग, मला नीट काढा. रोज ओढून निघतो, ते दुखतं.”

फाइल संपली. आम्ही पडद्याकडे बघत राहिलो. ड्राइव्ह गेला नाही. बारा पंचवीस झाले, बारा अठ्ठावीस झाले, तो तसाच होता, दारात जोडे हातात घेऊन थांबलेल्या माणसासारखा.

“राहू दे,” सलकावहिनी म्हणाल्या. सुनेशी बोलायचं नाही हे त्या विसरल्या. “तेसलेम, राहू दे गं लागलेला. आता जात नाहीये तो. इथेच राहील. मी रोज येऊन बसेन, काही विचारणार नाही. नुसता सलाम करेन.”

“आई, त्यांना दुखतंय.”

“तो म्हणतो तसं! भल्या घरचं पोर, त्याला सोसतं!”

“पहिल्यांदाच म्हणाले आहेत, आई. जन्मात पहिल्यांदा म्हणाले, दुखतंय.”

त्यावर वहिनी गुडघ्यावर हात ठेवून बसल्या. तेसलेमने मला विचारलं, कुठे दाबायचं. मी दाखवलं. आमच्यात सलाम लांब, पण निरोप एवढासा. “अल्लाच्या हवाली,” ती म्हणाली आणि निळ्या बोटाने दाबलं.

कॉम्प्युटरने विचार केला. मग पडद्यावर आलं: ‘आता काढायला हरकत नाही.’ यादीत ओळ पडली: ‘देद्दा वल्द सालेक. लागला १२:२१. निघाला १२:३१. विचारून काढला.’ माझ्या दुकानात ही ओळ पहिलीच.

मग तेसलेम रडली. वहिनींनी तिचं डोकं मांडीवर घेतलं.

मी कॉम्प्युटर उचलून काझीकडे गेलो. बावीस वर्षांनी.

“ये यारबा. उंट कसा आहे?” काझी म्हणाला. दाढी पांढरी झाली, पण जीभ तीच. मी सगळं सांगितलं. जन्मात पहिल्यांदा काही न वाढवता सांगितलं, म्हणून फारच फिकं झालं. त्याने यादी दोनदा वाचली.

“हा कॉम्प्युटर खोटं बोलतो का?”

“नाही, काझीसाहेब. अजून माझा गुण लागलेला नाही त्याला.”

“ती फाइल ऐकव.”

“ती राहिली नाही.”

“म्हणजे आईने अधू कानाने ऐकलं, बायकोने ऐकलं आणि तू ऐकलंस.” त्याने कॉम्प्युटर माझ्याकडे सरकवला. “चार वर्षं, यारबा.”

तेसलेमने त्याच्या निकालाची वाट बघितलीच नव्हती. त्याच संध्याकाळपासून ती विधवेचे चार महिने दहा दिवस पाळायला बसली. लोकांनी नावं ठेवली: थापाड्या म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून नवऱ्याला मारलं म्हणाले. सलकावहिनी रोज दारात बसून एकेकाला उत्तर द्यायच्या, आणि तेही सलाम न करता. ते बघून निम्मे लोक तिथूनच परत फिरायचे.

ते दिवस संपायला थोडे उरले असताना, थंडीच्या तोंडावर, दुसऱ्या एका टोळीने तो खड्डा पुन्हा खोदला. देद्दा तिथेच होता, पहिल्या ढासळीच्या खाली. गळ्यात दोरी, दोरीत पिवळा पेन ड्राइव्ह, टोपण घट्ट बसवलेलं.

तो ड्राइव्ह घेऊन काझी स्वतः माझ्या दुकानात आला. मी चिकटपट्ट्या काढल्या आणि त्याच्या डोळ्यांदेखत पहिल्या खाचेत लावला. काही नाही. दुसऱ्या खाचेत, तिसऱ्या, चौथ्या. टुडुंग नाही, सलाम नाही, यादीत ओळ नाही. कॉम्प्युटरच्या लेखी त्या खाचेत काहीच नव्हतं.

“याला का ओळखत नाही हा?” काझीने विचारलं.

“नीट काढलाय ना, काझीसाहेब.”

तो तिसऱ्या वाफेचा चहाही प्यायला. निघताना म्हणाला, मृत्यू ढासळीच्या दिवशी झाला असा निकाल लिहितो. दिवस तेव्हापासून मोजले जातात, म्हणजे पोरीचे केव्हाच पुरे झाले. ती मोकळी. मग दारात थांबला, मागे न बघता म्हणाला, “यारबा, तो उंट… खरंच बोलला होता?”

मी त्या उंटासारखाच ऐन वेळी गप्प बसलो. काझीला कोड्यात ठेवायची एवढ्या वर्षांनी मिळालेली संधी कोण घालवतं?

तेसलेम आता पुन्हा मलहफा रंगवते. पिवळा ड्राइव्ह तिच्याकडे आहे. कॉम्प्युटरमधला माझा सलाम मी काढून टाकला. आता नुसतं टुडुंग होतं. आणि मी स्वतः कुणी भेटलं की एकदाच विचारतो, काही वाईट नाही ना, आणि लगेच कामाचं बोलतो. लोक म्हणतात, यारबा म्हातारपणी उद्धट झाला. झालो. सलाम पुरा करायला पुढे भरपूर वेळ मिळणार आहे.